मनाचा अंमल आणि शरीराचा जबाब

लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू करणारे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजींचे शिष्य होते. परंतु गुरूकडून मिळालेल्या विद्येची त्यांनी जी तपासणी आरंभिली, तिची रीत प्रयोगशाळेची होती. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी उदरात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा आणि दाबमापकाचा उपयोग केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असे त्यांना आढळले आणि त्या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. ही गुरुदक्षिणा मला फार मोलाची वाटते, कारण तीत भक्तीही आहे आणि मोजमापही आहे, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत दखल दिलेली नाही.

ही हद्द सर्वांनाच पाळता आली असे नाही. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली कुंडलिनीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात, ती शक्ती म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतूच होय, असा सिद्धान्त मांडला. त्याच ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ यांनी मात्र, ग्रंथकाराच्याच ओसरीवर बसून, हे समीकरण आपल्यास मान्य नाही, कुंडलिनी ही मज्जातंतू नसून शरीर व मन या दोहोंचे अधिष्ठान आहे, असा जबाब नोंदवून ठेवला!

रेळ्यांनी निवडलेला मज्जातंतू पुढे खरोखरच मोठ्या योग्यतेचा ठरला, जरी ती योग्यता त्यांनी कल्पिली होती तीहून निराळी होती. मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुप्फुसे आणि आतडी यांपर्यंत उतरणारा हा तंतू विद्युत्प्रवाहाने उत्तेजित केला असता जंतुविषाने पेटलेला दाह ओसरतो, हे केव्हिन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगात दाखवले. त्यानंतर उलगडलेली वाट अशी की, प्लीहेत शिरणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी एक रसायन स्रवते, त्याने प्लीहेतील काही प्रतिकारपेशी दुसरे रसायन सोडतात, आणि त्या दुसऱ्याच्या स्पर्शाने दाह पेटवणाऱ्या भक्षकपेशी आवरल्या जातात. याही पूर्वी, १९७५ साली, रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी आणि प्रतिकारशक्ती दडपणारे औषध एकत्र दिले होते. पुढे केवळ गोड पाण्यानेच त्या प्राण्यांचा प्रतिकार मंदावला. रक्तातील पेशींचा कारभार मेंदूपासून स्वतंत्र आहे, ही तोवरची समजूत तेथे ढळली.

यावरून शास्त्रे सिद्ध झाली, आत्म्याचा शरीरावरील अंमल सप्रमाण ठरला, असा डांगोरा पिटणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण त्यांनी सांख्यमत जरा सबुरीने वाचावे. सांख्यांच्या हिशेबी मन, बुद्धी आणि अहंकार ही सर्व प्रकृतीचीच परिणती असून पुरुष हा केवळ द्रष्टा आहे. तेव्हा मनाने प्लीहेवर परिणाम केला, तर प्रकृतीच्या एका खात्याने दुसऱ्या खात्यास हुकूम पाठवला इतकेच घडले, आणि पुरुषाविषयी त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. मन आणि जड शरीर यांना दोन भिन्न द्रव्ये मानणाऱ्या देकार्तपुढे हे व्यवहार कसे होतात हा जो दुर्लंघ्य प्रश्न उभा राहिला, तो सांख्यांपुढे त्या जागी उद्भवतच नाही. त्यांची खरी अडचण एक पायरी वर, प्रकृती आणि पुरुष यांच्या संयोगापाशी आहे, आणि तेथे प्लीहेतील रसायने पोहोचत नाहीत. म्हणून रेळे आणि वुड्रॉफ यांच्या वादात मी वुड्रॉफसाहेबांच्या बाजूचा आहे.

मन आणि शरीर यांच्या या संवादाचा दुसरा पदर धर्मदृष्ट्या मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची वाच्यता फारच थोडे करतात. हुकूम केवळ मेंदूकडून निघतात असे नाही. व्हेगसमधील बहुसंख्य तंतू शरीराची वर्दी मेंदूकडे नेणारे आहेत. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जी द्रव्ये सोडतात, त्यांचा इशारा रक्तावाटे आणि या तंतूंवाटे मेंदूस मिळतो; मग ताप चढतो, अन्न नकोसे होते, माणसांचा सहवास जाचतो आणि चित्त खिन्न होते. पतंजलींनी योगाच्या अंतरायांत व्याधीला पहिले स्थान दिले आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या अंतरायांच्या सोबत्यांत दौर्मनस्य सांगितले, हा क्रम मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो. मनाच्या प्रसन्नतेवर मोठी भिस्त ठेवणारे तुकोबा लोणावळ्याच्याच मावळातल्या भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत. परंतु त्या प्रसन्नतेचा आधार घेऊन, रोग बरा होत नाही तो रोग्याची श्रद्धा उणी म्हणून, असा निवाडा देण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही. खचलेल्या मनाने जखम सावकाश भरते हे खरे असले, तरी कित्येकदा मन खचते ते शरीर लढत असते म्हणूनच.

तेव्हा घरात कोणी दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळले असेल, तर दीर्घश्वसन, नामस्मरण, जे त्याला रुचेल ते अवश्य करू द्यावे, पण त्याच्या मनोबलाची झडती घेऊ नये; आणि त्याची खिन्नता, ताप आणि भूक सांगतो त्याच सरळपणाने, वैद्याच्या कानी घालावी.