शेजाऱ्याचे निदण, आपली हरळी



मत्तयच्या शुभवर्तमानात (१३:२४-३०) धनी सांगतो, निदण उपटू नका, कापणीपर्यंत राहू द्या. यवतमाळच्या कास्तकाराला हे पटणे कठीण! पऱ्हाटीची डवरणी-निंदणी चुकली तर पीक हातचे जाते. पण दाखल्यातले निदण ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसते आणि त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंततात. शेजाऱ्याचे अंतःकरणही आपल्याला असेच ओळखू येत नाही. त्याला वाईट ठरवून उपटण्याचा अधिकार आपला नाही. कापणी प्रभूची आहे.

स्वतःचे मन मात्र निंदलेच पाहिजे. बियांपासून उगवणारे गवत फुलोऱ्याआधी काढले, तर नवे बी पडत नाही. रागही तसाच वेळीच काढावा. जुने वैर मात्र हरळीसारखे असते. वरून खुरपले तरी जमिनीखालच्या कांड्यांतून पुन्हा फुटते. डवऱ्याने तुकडे झाले, तर तुकड्यातुकड्यातून नवी हरळी उगवते. ती खणूनच काढावी लागते.

म्हणून प्रायश्चित्त संस्काराला या. आणि धुऱ्याच्या भांडणातून ज्या भावाशी बोलणे तुटले, त्याच्या घरी याच आठवड्यात जा. प्रभू तुम्हाला बळ देवो. आमेन.