आत्म्याचा पत्ता

मी रेडिओलॉजिस्ट, आणि वारकऱ्याचा मुलगा. एमआरआयच्या बरोबर मधल्या उभ्या छेदात कॉर्पस कॅलोसम कमानीसारखा दिसतो: मेंदूचे दोन्ही अर्धे जोडणारे सुमारे 20 कोटी तंतू. पोपचे वैद्य लान्चिसी यांनी 18व्या शतकाच्या सुरुवातीला आत्म्याचं आसन इथंच मानलं. तर्क वाईट नव्हता. डोळे दोन, कान दोन, अनुभव मात्र एक. मग तो एक होण्याची जागा मधलीच असणार.

पण अमेरिकेतल्या किम पीकला हा दुवा जन्मतःच नव्हता, आणि त्याला हजारो पुस्तकं पाठ होती. रॉजर स्पेरींच्या रुग्णांमध्ये अपस्मारासाठी तो कापलेला. तोंडाला जिचं नाव सांगता येईना ती वस्तू डावा हात अचूक उचली. आत्मे दोन झाले म्हणायचे का? स्पेरींना 1981चं नोबेल मिळालं, या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये या कमानीच्या खालच्या कडेला पांढरे डाग उमटतात. तंतूंवरचं मायलिनचं आवरण झडतं, संदेश रेंगाळतात. मग आत्म्याचं काय, असं विचारलं की वडील म्हणायचे, "अरे, तार तुटली म्हणून बोलणारा मेला का?"

उत्तर सुरेख, पण मला पुरत नाही. तार बिघडली तर आवाज खरखरेल, तुटेल. कपाळामागचं श्वेतद्रव्य, म्हणजे अशाच तारांचं जाळं, झिजलं की मात्र जन्मभर मवाळ असलेला माणूस बायकोला शिव्या घालू लागतो. तारेच्या दोषानं बोलणारा शिवराळ का व्हावा? हे वडिलांना विचारायचं राहिलं.