आम्ही की आपण?

समूहाबरोबर बसने सहलीस निघालेल्या एकट्या प्रवाशाकडे आपले कधी लक्ष गेले आहे काय? सहलीच्या हिशोबात तो अडचणीचाच असतो. खोली दोघांची, आसन दोघांचे, भोजनाचे मेज चौघांचे! म्हणून स्वतंत्र खोलीसाठी त्याच्याकडून जादा आकार घेतला जातो. त्यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. रिकाम्या खाटेचे भाडे कोणीतरी भरलेच पाहिजे. परंतु पैशांचा हिशोब मिटल्यावरही एक प्रश्न उरतो. जो आपल्या कुटुंबातला नाही, पण आपल्याच वाटेवर आहे, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

काही वर्षांपूर्वी चेन्नईहून तरंगमबाडी, वेलांकणी आणि तंजावर अशा सहलीस मी एकटाच गेलो होतो. सहप्रवासी बहुतेक मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती. पहिल्या दिवशी माझ्या कानांवर एकच शब्द पुनःपुन्हा पडत होता: ‘आम्ही’. ‘आम्ही जरा चहा घेऊन येतो.’ ‘आम्ही पुढे बसतो.’ त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा शब्द सहजासहजी सोडत नाही.

आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांत भेद आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांत हा भेद नाही, म्हणून निवड भाषांतरकाराला करावी लागते. मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळ आठवा. तारू बुडू लागले आहे आणि शिष्य निजलेल्या प्रभूला हाक मारीत आहेत. ‘आम्ही बुडतो’ असे ते म्हणाले की ‘आपण बुडतो’ असे? पहिल्या शब्दाने प्रभू संकटाबाहेर राहतो. दुसऱ्याने तो त्यांच्याबरोबर त्याच पाण्यात येतो. एका सर्वनामात केवढी धर्मविद्या सामावली आहे!

तमिळ भाषेतही हाच भेद आहे: ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग 1706 साली तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांनी केलेला तमिळ नवा करार 1715 साली छापून पूर्ण झाला. त्यांच्या जर्मन मातृभाषेत हा भेद नव्हता. ओळीओळीला त्यांना तो तमिळ माणसांकडूनच शिकावा लागला असेल. 1718 साली बांधून झालेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्यांची कबर आहे. त्या कबरेपाशी उभा राहून मी ह्याच विचारात गढलो होतो आणि त्याच विचारात बसमध्ये येऊन बसलो.

व्यवस्थापकाने विचारले, “सगळे आले ना?” प्रत्येकाने आपापल्या माणसांकडे पाहिले आणि “आले, आले” असा गजर झाला. बस निघाली. माझ्या पलीकडच्या आसनावर एक निवृत्त परिचारिका बसत असत. त्याही एकट्याच आल्या होत्या. ते आसन रिकामे होते. मी ते पाहिले होते. मागे कोणाशी बोलत बसल्या असतील, असे मी गृहीत धरले. कारैकाल जवळ आले तेव्हा आसनाखालची त्यांची पिशवी माझ्या पायाशी घसरत आली आणि मी उठून ओरडलो.

बस मागे फिरली. चर्चच्या फाटकाशी, उन्हात, त्या पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. बसमध्ये चढल्यावर त्या म्हणाल्या, “माफ करा हं, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचा खोळंबा झाला.”

त्यांना विसरलो आम्ही आणि क्षमा मागितली त्यांनी!

लूकाच्या दुसऱ्या अध्यायात मरीया व योसेफ बारा वर्षांच्या येशूविषयी असेच गृहीत धरून एक दिवसाची वाट चालून गेले. तो सोबत्यांमध्ये असेल, असे त्यांना वाटले. तेथे ‘सोबत्यांचा मेळा’ ह्या अर्थाचा ‘सिनोदिया’ हा ग्रीक शब्द आहे. नव्या करारात तो ह्या एकाच ठिकाणी येतो, आणि तोही कोणीतरी त्या मेळ्यात नसताना! हे स्थळ मी कितीदा शिकवले असेल. आणि दोन दिवस शेजारी बसलेल्या बाईंना मी त्यांचे नावही विचारले नव्हते. इतरांच्या ‘आम्ही’ने मी दुखावलो होतो, माझ्या मौनातही तोच ‘आम्ही’ होता, फक्त त्यात मी एकटा होतो.

आपण कदाचित म्हणाल, एकट्याने जाणाऱ्याला एकांतच हवा असेल. त्याच्यावर सोबत लादणे हाही उपद्रवच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. प्रभूही पहाटे उठून एकांती गेला, असे मार्क सांगतो. परंतु त्याच्या पुढच्याच वचनात शिमोन व त्याचे सोबती त्याच्या शोधात निघतात. एकांत आणि एकाकीपण ह्यांतला फरक मला येथे दिसतो. एकांतात गेलेल्याची कोणीतरी वाट पाहत असते. एकाकी माणूस नाहीसा झाला तरी मोजणी पुरी भरते. तेव्हा सहप्रवाशाला आपण गप्पा देणे लागत नाही, मेजवरची जागाही कदाचित लागत नाही. पण तो नसला तर ते आपल्याला जाणवावे, एवढे मात्र निश्चित लागतो. आणि एकट्याचेही एक देणे आहे: कोणी बोलावील म्हणून रुसून बसू नये, पहिला ‘आपण’ त्यानेही उच्चारावा.

वेलांकणीला त्या संध्याकाळी एका मुलाच्या सूचनेवरून आम्ही नियम केला: बस निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराबाहेरचे एक माणूस मोजायचे. मला त्या बाई मोजत. मी मागच्या आसनावरच्या आजोबांना मोजत असे. तंजावरपर्यंत कोणी मागे राहिले नाही.

येत्या रविवारी आपल्या मंडळीत बाकांवर नजर फिरवताना, वाचकहो, आपल्या घराबाहेरचे कोणते एक माणूस आपण मोजणार आहात?