स्वभाव आणि सनद

संगणकाच्या पडद्यावर ज्या सामुदायिक नगऱ्या आज वसल्या आहेत, त्यांपैकी आपण कोठे वस्ती करावी हे ठरवताना बहुतेक जण चित्रांची शोभा पाहतात किंवा मित्रमंडळी जिकडे गेली तिकडे जातात; वास्तविक पाहावयाची असते ती त्या नगरीची सनद, कारण तेथे कोणत्या स्वभावाचा माणूस रमेल हे तिचे कायदेच ठरवतात. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेले 'मड' हे केवळ शब्दांचे जग पुढे वाढवणाऱ्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या निबंधात खेळाडूंचे चार वर्ग कल्पिले: सिद्धीच्या मागे लागणारे, धुंडाळणारे, संगत शोधणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात धन्यता मानणारे.

या कसोटीवर दोन-तीन नगऱ्या पारखून पाहाव्यात. २००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये जिंकण्यासारखे काहीच नाही. मात्र स्वतः घडवलेल्या खुर्चीची नक्कल, फेरफार वा हस्तांतर करण्याची मुभा गिऱ्हाइकाला द्यावी की नाही, याचा अखत्यार कारागिराकडे राहतो. निर्मात्याला ही नगरी माहेर वाटेल, पदकांच्या हव्यासी माणसाला मात्र ओसाड. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'मधील घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालते, तेथील दुकान रात्री दहाला बंद होते, रविवारी दुपारपूर्वी घेतलेले सलगम आठवडाभरात विकले नाहीत तर कुजतात, आणि आपण वाट मोकळी केल्याखेरीज पाहुणा बेटावर पाऊल ठेवू शकत नाही. धीमेपणा व मोजकी संगत ज्याला प्रिय, त्याने येथे खुशाल बिऱ्हाड करावे. याउलट 'ईव्ह ऑनलाइन'च्या अंतराळात फुटलेले जहाज कायमचे जाते आणि व्यवहारातील लबाडीलाही पुष्कळशी मोकळीक आहे. कुरघोडीचा शौक नसलेल्या भिडस्ताने तिकडे न फिरकणेच इष्ट.

तथापि सनद कितीही मानवली, तरी मालकी आपली नसते. मुलांची लाडकी 'क्लब पेंग्विन' २०१७ मध्ये डिस्नेने बंद केली, तेव्हा हौसेने सजवलेली बर्फाची घरेही तिच्याबरोबर गेली. म्हणून वाचकहो, आधी आपला स्वभाव ओळखा, मग नियम वाचा, आणि पैशाची थैली सर्वांत शेवटी सोडा.