उरलेला ळ

झाशीहून ओरछा पंधरा-सोळा किलोमीटरवर. बेतवेच्या काठी बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत आणि त्यांच्या उंच कोनाड्यांत गिधाडं घरटी करतात. एके काळी मेल्या गुरावर गिधाडांची झुंबड हे गावोगावचं दृश्य होतं. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने १९९० नंतरच्या दशकभरात ती संपत आली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. पण जोडी वर्षाला एकच अंडं घालते. भरपाई व्हायला पिढ्या लागतील.

छत्र्यांखाली उभं राहिलं की मला झाशीतली मराठी आठवते. नारोशंकरांनी वाढवलेलं, नेवाळकरांनी राखलेलं हे शहर. १८५८ च्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांना इथे दुभाषा लागला नाही. आता ती मराठी थोड्या घरांत आहे, तीही बहुतेक स्वयंपाकघरात आणि देवघरात. ‘आज आमटी बनी है’: नाम आपलं, क्रियापद हिंदी. आजी पुरणपोळी म्हणते, नातू पूरनपोली. सर्वांत आधी ळ जातो.

ळ स्वतःच एक अवशेष आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. पुढच्या संस्कृताने टाकला, पालीने ठेवला. मराठीने, गुजरातीने, ओडियाने जपला. प्रमाण हिंदीत त्याला जागा नाही.

मग नातवाने तो जपावा का? मला हा आग्रह अन्यायाचा वाटतो. गिधाडांना विष माणसाने घातलं, म्हणून देणंही माणसाचं. इथे विष कुणी घातलं नाही. मूल शाळेत गेलं, गल्लीत खेळलं, बुंदेलीत भांडायला शिकलं. यात त्याचा गुन्हा काय? कुणाचा तरी अवशेष होऊन राहणं हे कुठल्याही मुलाचं कर्तव्य नव्हे.

देणं असलंच तर ते भाषा मुबलक असलेल्यांकडे आहे. सुट्टीत पुण्याला गेलेल्या अशा मुलाच्या मराठीवर भावंडं हसतात (मीही हसलो आहे, आणि पुढच्या सुट्टीत तो मुलगा माझ्याशी सरळ हिंदीत बोलला). त्याला मी कधी विचारलं नाही, की त्याच्या घरी आमटीला जी चव येते ती कशाने. विचारलं असतं तर त्याने बहुधा मराठीतच सांगितलं असतं, ळ सोडून.