मुक्काम

वाचकहो, एक शब्द आपण जन्मभर लिहीत असतो, पण त्याच्यापाशी क्षणभर थांबून त्याला न्याहाळत नाही. अर्जावर, पाकिटावर, लग्नपत्रिकेवर, कापसाच्या पावतीवर आपण लिहितो, 'मु. पो. नेर, ता. नेर, जि. यवतमाळ', आणि त्यातले पहिले अक्षर, 'मु.', म्हणजे मुक्काम, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ज्या घरात आजोबा जन्मले, ज्याच्या ओसरीवर त्यांची अखेरची रात्र सरली, ज्याच्या परसातली विहीर तीन पिढ्यांनी उपसली, त्या घराच्या पत्त्यालाही आपल्या वाडवडिलांनी मुक्कामच म्हटले. या एका अक्षरापाशी मी पुष्कळ वर्षे घुटमळलो आहे, आणि जे थोडे उमगले ते पोथीत नव्हे, मोटारसायकलच्या लांबच्या वाटेवर उमगले; तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

शब्दाचे मूळ आधी पाहू. मुक्काम हा मुळात अरबी भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याच्या धातूचा अर्थ उभे राहणे असा आहे. आपल्या संस्कृतातला 'स्थान' हा शब्द ज्या 'स्था' धातूपासून निघाला, त्याचाही अर्थ उभे राहणे, थांबणे असाच आहे. दोन भाषा, ज्यांचे कुळ एक नाही, त्या एकाच जाणिवेपाशी येऊन उभ्या राहिल्या, ती जाणीव अशी की ठिकाण हे जमिनीवर आयते पडलेले नसते, कोणीतरी तिथे उभे राहते तेव्हा ते ठिकाण होते. आणि उभा तोच राहतो जो चालत असतो. दगडाला आपण मुक्कामी म्हणत नाही, वाटसरूला म्हणतो. म्हणून मुक्काम या शब्दाच्या पोटात चालणे आधीच वसलेले आहे. चालणे वजा केले तर उरते ती नुसती जागा.

नेरहून निघावे, दारव्हा मागे टाकावे, कारंजा, मंगरूळपीर, वाशीम, रिसोड करीत लोणारला पोचावे, पुढे सिंदखेडराजा, जालना, वेरूळ आणि अखेर अजिंठा, अशी ही वाट मी हिवाळ्याच्या दिवसांत, तूर फुलावर असताना, मोटारसायकलवरून केली आहे. आपल्या भागात गाडी थांबवण्याचेही एक शास्त्र असते, हे काळ्या मातीत राहणाऱ्याला सांगायला नको. रस्त्याकडेला उतरून गाडी साइड स्टँडवर लावली की स्टँड हळूहळू मातीत रुतू लागतो, आणि चहाचा पहिला घोट घेईपर्यंत गाडी कलंडते. म्हणून जाणता माणूस आधी एक चपटा दगड शोधतो, तो स्टँडखाली सरकवतो आणि मगच हँडल सोडतो. पहिल्या वळणावरच मला हे कळले की धावणाऱ्या गाडीला तिचा वेग तोलून धरतो, पण थांबलेल्या गाडीला खाली आधार लागतो. मुक्कामाचेही तसेच आहे. ज्याच्या पायाखाली श्रद्धेचा लहानसा का होईना दगड आहे, त्यालाच थांबता येते. बाकीच्यांना कलंडण्याच्या भयाने पळतच राहावे लागते.

मुक्कामाला लागूनच दुसरा एक शब्द येतो. परगावी भेटलेल्याला आपण विचारतो, 'कुठे उतरलात?' विचारायचे असते, मुक्काम कुठे केला. विचारतो मात्र उतरण्याविषयी. घोड्यावरून, बैलगाडीवरून, आता मोटारसायकलवरून खाली पाय टेकवल्याशिवाय मुक्काम होत नाही, हे भाषेने किती सहजपणे सांगून ठेवले! आणि या उतरण्याच्या मुळाशी जो 'तॄ' धातू आहे, त्यातूनच 'तीर्थ' निघाले, म्हणजे नदीत उतरण्याची, उतरून पार होण्याची जागा, आणि त्यातूनच 'अवतार' निघाला, म्हणजे देवाचे खाली येणे. गाडीच्या बैठकीवर बसूनच, इंजिन चालू ठेवून ज्याने देवळाच्या कळसाला हात जोडले, त्याचा नमस्कार देव नाकारणार नाही. पण त्याचा मुक्काम झाला नाही, कारण तो उतरला नाही.

कारंजा लाड ही श्रीनृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. त्यांच्या चरित्राकडे मुक्काम या शब्दातून पाहिले की ते वेगळेच उलगडते. ते कारंज्यातून निघाले, काशीला गेले, संन्यास घेतला, तीर्थाटन केले. आणि परंपरा त्यांचे उत्तरायुष्य सांगते ते कसे? औदुंबरला एक चातुर्मास, नरसोबाच्या वाडीला १२ वर्षे, आणि त्यानंतर गाणगापूर. मधली पायवाट किती लांबीची होती, दिवसाला किती कोस झाले, याचा हिशेब भक्तांनी ठेवला नाही. ते जिथे थांबले तिथे पादुका आहेत, आरती आहे, दर गुरुवारी माणसांचा राबता आहे. वाट पायांनी झाली, आणि लोकांना पावले ते मुक्काम.

लोणारला मात्र या शब्दाने मला बराच वेळ उभे ठेवले. काठावर पोचलो, किल्ली फिरवली, इंजिन बंद झाले. तापलेले सायलेन्सर निवताना टिक्-टिक् करीत होते, हँडल सुटूनही तळहातांत गाडीची थरथर शिल्लक होती, कानात वारा तसाच भरलेला होता. समोर जवळपास दोन किलोमीटर रुंदीचे ते विवर, तळाशी झाडीच्या कड्यात बसलेले हिरवट पाणी. डोळे उघडे होते आणि मला काही दिसत नव्हते. कारण शरीर लोणारला पोचले होते आणि मन अजून रिसोडच्या रस्त्यावर ट्रकला ओलांडत होते. मी बसून राहिलो. हळूहळू तळहात निवले, कान मोकळे झाले, धारेच्या अखंड पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला, खालून क्षाराचा उग्र वास आला, आणि मग ते सरोवर दिसले. त्या दिवशी मुक्कामाचा अर्थ माझ्या हाती लागला : गाडी थांबते तो थांबा, आणि मागे राहिलेले मन येऊन शरीराला मिळते तो मुक्काम.

आणि ते सरोवर तरी काय आहे? लाखो वर्षांपूर्वी आकाशातून आलेला एक पाषाण आपल्या दख्खनच्या बसाल्टवर आदळला, त्याच्या प्रवासाचा तो शेवटचा मुक्काम. लोक त्या जागी लवणासुराचा वध पाहतात आणि दैत्यसूदनाच्या देवळात हात जोडतात. भूवैज्ञानिक तिथे उल्काघात वाचतात. आणि दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे की इथे वरून काही उतरले आणि भूमी बदलून गेली. आमच्या नात्यातला एक मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, तोही मोटारसायकलवरून तो खंडप्राय देश ओलांडत गेला. अॅरिझोनातल्या विन्स्लो गावाजवळ असेच एक विवर आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचे, कोरडे. त्याने सांगितले, 'काका, दिवसाला इतके मैल ठरवून निघालो होतो, पण त्या काठावर उभा राहिलो आणि लोणार आठवले. शाळेच्या सहलीत धावत पाहिलेले लोणार मला तिथे दिसले.' पाहा, मन किती मागून येते! लोणारला सुटलेला मुक्काम त्या मुलाचा सातासमुद्रापलीकडे पुरा झाला.

ज्या महानुभाव संप्रदायाने मुक्कामालाच उपासना मानले, तो आपल्या वऱ्हाडच्या मातीत रुजलेला आहे. श्रीचक्रधर स्वामी सतत परिभ्रमण करीत राहिले. त्यांच्या पश्चात रिद्धपुरात म्हाइंभटांनी माणसामाणसांना विचारून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, ते लीळाचरित्र. आणि पुढे स्थानपोथीत स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला थांबले याची नोंद झाली. महानुभावांनी तर थांबण्याचे प्रकारही निरनिराळ्या नावांनी ओळखले : बराच काळ राहिले ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसते बसले ते आसन. क्षणभर बसल्याच्या जागेलाही स्थानाचा मान आहे, तिथेही ओटा बांधला जातो, तिथेही माथा टेकला जातो. मुक्कामाचे मोठेपण किती वेळ थांबलो यावर ठरत नाही, थांबणारा तिथे किती पूर्णपणे होता यावर ठरते, हे त्या लहानशा ओट्याइतके स्पष्ट मला कोणी सांगितलेले नाही.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या, तिथे मी फार बोलत नाही. उंबरठ्याशी पायताण काढावे आणि काही काळ गप्प उभे राहावे, एवढाच त्या मुक्कामाचा विधी.

अजिंठ्याला या शब्दाचा शेवटचा पापुद्रा सुटला. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; त्याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची बरीचशी लेणी कोरली गेली, म्हणजे आमची गाडी आली ती वाट तशी जुनीच. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर हे विहार आहेत, आणि 'विहार' या शब्दाचा एक अर्थ फिरणे, दुसरा अर्थ भिक्खूंचे राहण्याचे ठिकाण! वर्षाचे आठ-नऊ महिने लोकांत फिरत राहायचे आणि पावसाळ्यात वर्षावासाला एका जागी बसायचे, ही त्यांची रीत. १२ क्रमांकाच्या लेण्यात, लहानशा खोल्यांतून, दगडातच कोरलेले झोपण्याचे ओटे आजही आहेत. त्यांतल्या एका ओट्यावर मी तळहात ठेवला, तो थंड होता. फिरणे आणि राहणे ही ज्यांच्या लेखी एकाच शब्दाची दोन अंगे होती, त्यांना घर सुटल्याचे दुःख नसेल आणि वाट संपल्याचेही नसेल. आपल्या वारकऱ्यांनाही हे ठाऊक आहे; पालखी चालते ती भक्ती आणि मुक्कामी कीर्तनाला बसते ती विश्रांती, असा भेद ते करीत नाहीत.

परतताना संध्याकाळी नेरची वेस आली, वेचणी आटोपून निघालेल्या बायांची रांग दिसली, आणि फलकावरचे गावाचे नाव मी परगावच्या माणसासारखे वाचले. तेव्हा पत्त्यातल्या त्या 'मु.'चा अर्थ लागला. वाडवडिलांनी घराला मुक्काम म्हटले त्यात वैराग्याचा सुस्कारा नव्हता. त्यांना एवढेच सुचवायचे होते की इथेही उतरायचे असते. घरात ४० वर्षे राहूनही जो मनाने रस्त्यावरच असतो, त्याचे घर पत्त्यावर असते, पण मुक्काम झालेला नसतो.

म्हणून वाचकहो, लांबच्या वाटेला लागाल तेव्हा पाहायच्या ठिकाणांची यादी थोडी आखूड करा. दिवसाला दोन ठिकाणे पुरे. गाडी लावा, स्टँडखाली दगड ठेवा, किल्ली काढा, फोटोची घाई करू नका, आणि मागे राहिलेले मन येऊन पोचेपर्यंत तिथेच बसा. आणि घरी परतल्यावरही, दारात गाडी लावल्यावर, आत जाण्याआधी एवढेच पुन्हा करा.