नामविस्तार

आमच्या छत्रपती संभाजीनगरातील एका विद्यालयात, तीस वर्षे अध्यापन करून निवृत्त होणाऱ्या एका बाईंच्या सत्काराला मी गेलो होतो. हजेरीपटापासून शेवटच्या अर्जापर्यंत ज्यांनी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे जोडून सही केली, त्यांना अर्पण केलेल्या मानपत्रावर मात्र 'सौ.' ही उपाधी लावून पहिले आडनाव गाळलेले होते. बाईंनी ते नमस्कार करून स्वीकारले. परंतु अशा स्त्रीस संबोधावे कसे, हा प्रश्न मला घरापर्यंत सोडीना.

तोंडी संबोधनापुरता हा प्रश्न मराठीने पूर्वीच सोडविला आहे. इरावतीबाई, दुर्गाबाई असे म्हटले, की आदर आणि आपुलकी दोन्ही साधतात आणि आडनावाची गरज उरत नाही. अडचण उद्भवते ती कागदावर, दस्तऐवजात, निमंत्रणपत्रिकेत. आणि तिच्या मुळाशी असतो तो हा समज, की सप्तपदीबरोबर गोत्र पालटले म्हणजे स्त्रीची पूर्वीची ओळख खारीज झाली. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली, गोखल्यांची मनू लक्ष्मीबाई टिळक झाली, तेव्हा आडनावाबरोबर आईबापांनी ठेवलेले नावही मागे राहिले.

हा समज सनातन म्हणावा, तर आमच्याच जिल्ह्यातील पैठण त्याविरुद्ध साक्ष देते. तेथून राज्य करणारे सातवाहन राजे 'गौतमीपुत्र', 'वासिष्ठीपुत्र' अशी बिरुदे अभिमानाने लावीत, आणि नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात राजमाता गौतमी बलश्री याच नावाने उभी आहे. ही नावे त्या स्त्रियांच्या पितृगोत्रांची; राजकुलात येऊनही ती पुसली गेली नाहीत, उलट पुत्रांची ओळख ठरली.

बृहदारण्यकोपनिषदात, जनकाच्या सभेत, आर्तभाग याज्ञवल्क्यास विचारतो, की मनुष्य मरतो तेव्हा त्याला काय सोडून जात नाही. आणि याज्ञवल्क्य उत्तर देतो, नाम. जे मृत्यूनेही सुटत नाही, ते विवाहाने सुटावे असा आग्रह कोणत्या शास्त्राच्या आधारे धरावा? मनुष्याचे कर्म त्याच्या नामाशी जोडले जाते. ज्या नावाने एखादीने पदवी मिळविली, गाणे सिद्ध केले, ते नाव तिच्या तपश्चर्येचे खाते होय. म्हणूनच अश्विनी भिडे-देशपांडे किंवा आरती अंकलीकर-टिकेकर यांचे नाव रसिक अर्धवट घेत नाहीत.

या शहराला तरी हे शिकविण्याची गरज पडू नये. सोळा वर्षांच्या वेदनामय संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी येथील मराठवाडा विद्यापीठ 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले, तेव्हा जुने नाव राखून त्याला नवे जोडण्याच्या या कृतीस आपण नामविस्तार म्हटले. दोन आडनावे लावणारी स्त्री स्वतःच्या बाबतीत हेच करते: जन्मघराचे ऋण फेडून टाकीत नाही आणि पतिगृहाचे नाकारीत नाही.

तेव्हा तिची सही जशी असेल तसेच, त्याच क्रमाने, दोन्ही आडनावांसह तिचे नाव लिहावे, 'सौ.' तिने स्वतः लावले असेल तरच लावावे. आणि शंका वाटल्यास तिलाच विचारावे. ते मानपत्र बाईंच्या पूर्ण नावाने पुन्हा लिहून द्यावे, अशी विनंती मी विद्यालयाच्या चालकांना केली आहे.